शून्य अडथळ्यांची शाळा

माझ्या पर्समध्ये गेली तीस वर्षं एक काचेची गोटी आहे. उतार मोजायला आता चांगली यंत्रं निघाली आहेत, एक तर माझ्या चाकांच्या खुर्चीलाच बसवलेलं आहे, पण कुठल्याही इमारतीत शिरण्याआधी मी रॅम्पवर गोटी सोडून बघते. सावकाश उतरली तर ठीक. सुसाट पळाली तर समजायचं, कंत्राटदाराने रॅम्पच्या नावाखाली घसरगुंडी बांधली आहे. एका कचेरीत ती पळत जाऊन मोठ्या साहेबांच्या बुटावर आपटली होती. साहेबांनी महिन्याभरात रॅम्प पाडून नवा बांधला.

मी उज्ज्वला आवटी, सुगम्यता परीक्षक. शाळा, दवाखाने, एसटी स्टँड, बागा अशा ठिकाणी अपंग माणसाला कुणाच्या पाया न पडता वावरता येतं की नाही, ते तपासून सही करायची हे माझं काम. पोलिओने माझे दोन्ही पाय मी दीड वर्षाची असतानाच नेले, त्यामुळे हे काम मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. खात्यात मला सगळे फटकळ म्हणतात. ते खरं आहे.

निवृत्तीला पंधरा दिवस उरले असताना शेवटची तपासणी निघाली ती विट्याला. माझं गाव. दहावी झाल्यावर सोडलं त्याला बेचाळीस वर्षं झाली, आणि तिकडचं काम निघालं की मी ते दरवेळी दुसऱ्याच्या गळ्यात मारत आले होते. या वेळी जमलं नाही. विट्याच्या नव्या शाळेत वर्षभरात एकाही मुलाला एकही अडथळा आला नव्हता. राज्यात असं पहिल्यांदाच घडत होतं. मी सही केली की जूनपासून हीच व्यवस्था चारशे शाळांत जशीच्या तशी बसणार होती.

शाळेच्या रॅम्पवर गोटी सोडली. एखादी म्हातारी देवळाच्या पायऱ्या उतरते तशी ती शांतपणे उतरली.

मुख्याध्यापिका शेटेबाई दारातच उभ्या होत्या. चाळिशीच्या, बारीक चणीच्या, हसऱ्या. त्यांनी माझ्या मनगटावर पाहुण्यांचा पट्टा बांधला आणि म्हणाल्या, "मॅडम, तुमचं कलम आम्ही ऑफिसात फ्रेम करून लावलंय."

मी बघितलं. खरंच लावलं होतं. त्याच्या शेजारच्या पडद्यावर लिहिलं होतं, 'या वर्षातील अडथळे: ०'.

या शाळेत जी यंत्रणा आहे तिला कागदोपत्री लांबलचक नाव आहे, पण सगळे तिला वाटाड्या म्हणतात. फरशीखाली कागदाइतक्या पातळ पट्ट्या आहेत. त्यांना पावलांचं आणि चाकांचं वजन कळतं, त्यामुळे कोण कुठे आहे आणि कुणीकडे निघालं आहे हे वाटाड्याला सतत ठाऊक असतं. प्रत्येक मुलाच्या मनगटावर पट्टा असतो आणि त्या मुलाला काय सोसतं, काय सोसत नाही याची माहिती त्यात असते. कुणाला झगझगीत उजेड चालत नाही, कुणाला गोंगाट, कुणाला दिसत नाही, कुणाला चढ चढवत नाही. यावरून वाटाड्या पुढच्या पाच मिनिटांची शाळा आधीच हजार तऱ्हांनी चालवून बघतो आणि ज्या तऱ्हेत अडथळे सर्वांत कमी, ती निवडतो. मग मुलांना तशी नेतो. जबरदस्ती काही नाही. फरशीवर हिरवी रेघ उजळते, पट्टा हलकेच थरथरतो, एखादं दार चार सेकंद आधी उघडतं, एका वर्गाची घंटा शेजारच्या वर्गापेक्षा अर्धं मिनिट उशिरा होते. मुलं आपापल्या रेघेवरून जातात.

अडथळा म्हणजे काय, हे मात्र यंत्राला कुणीतरी सांगावं लागतं. ते आम्ही सांगितलं होतं. बारा वर्षांपूर्वी मानकं ठरवणाऱ्या समितीत मी होते. वीस सेकंदांहून जास्त थांबावं लागणं, अर्ध्या वाटेतून परत फिरावं लागणं, धक्का लागणं, अशी आठ कलमं सगळ्यांना मान्य होती. नववं मी घातलं. 'दुसऱ्याची मदत मागावी लागणे हा अडथळा समजावा.' एक गृहस्थ म्हणाले, मदत मागण्यात वाईट काय आहे? मी त्यांना विचारलं, आज सकाळी संडासला जाताना तुम्ही किती जणांची मदत मागितलीत? कलम एकमताने मंजूर झालं. पुढे माझी ओळखच ती होऊन बसली.

दोन तास मी शाळा उभीआडवी तपासली आणि खरं सांगते, मला हेवा वाटला. नळ मुलाच्या उंचीप्रमाणे खालीवर होत होते. फळा आंधळ्या मुलाच्या बोटांखाली उमटत होता. संडासात कड्या, दांडे, हात पुरेल तिथे सगळं. गोंगाटाने भेदरणाऱ्या मुलांसाठी एक मऊ, अंधारी खोली होती आणि तिच्याकडे जाणारी वाटसुद्धा शांत होती. असं काही मला मिळालं असतं तर मी इतकी फटकळ झाले नसते.

मधल्या सुट्टीची घंटा झाली तेव्हा मी पहिल्या मजल्यावरच्या व्हरांड्यात होते. तीनशे बारा मुलांची शाळा, म्हणून मी कानांची तयारी करून बसले. वर्गांची दारं उघडली, हिरव्या रेघा उजळल्या, मुलं बाहेर पडली आणि दोन मिनिटांत व्हरांडा मोकळा झाला. कुणी कुणाला ढकललं नाही. नळावर रांग नव्हती, कारण ज्याला तहान लागेल त्याला त्या क्षणी मोकळा नळ मिळत होता. आवाज होता, पण बँकेत असतो तेवढाच.

पट्ट्याने मनगट खाजत होतं म्हणून मी तो काढून पर्समध्ये टाकला. त्या नादात गोटी हातातून सुटली आणि टणटणत व्हरांड्याच्या वळणापर्यंत गेली. आजवर ज्या ज्या शाळेत ही गोटी सुटली, तिथे चार तरी पोरं तिच्यामागे धावली आहेत. एकदा एका मुलाने ती खिशात घालून घरी नेली होती आणि दुसऱ्या दिवशी बापाने आणून दिली. मी वाट बघत राहिले. भिंतीतून गुडघ्याएवढी एक गाडी निघाली, तिने गोटी उचलली, माझ्या मांडीवर ठेवली आणि पुन्हा भिंतीत गेली.

"पेन्सिलपण आणून देती ती," मागून कुणीतरी म्हणालं.

वळून बघितलं तर छोट्या, सगळीकडून गादी लावलेल्या खुर्चीत एक मुलगी बसली होती. सहा वर्षांची वाटावी एवढी लहान, पण चेहरा मोठ्या मुलीचा. तिचं नाव जिजा पाटोळे, पाचवी अ. तिची हाडं जन्मापासून ठिसूळ होती. जरा धक्का बसला की मोडायची.

"तुमी नवीन बाई हाय का?"

"नाही, तपासणीला आलेय. तू इतरांबरोबर खाली नाही गेलीस?"

ती विचारात पडली. प्रश्न तिला अवघड वाटला असावा. "माझ्याजवळ आली की त्यांची रेघ वळती," ती म्हणाली. "तुमची नाही वळली."

माझी का वळली नाही ते मला नंतर कळलं. पट्टा काढल्यामुळे वाटाड्याच्या लेखी मी माणूस उरले नव्हते. वजन आहे, चाकं आहेत, पट्टा नाही, म्हणजे ढकलायचं कपाट. कपाटापासून कुणाला लांब न्यायचं कारण नव्हतं.

"वर्गात तर बोलता की नाही?"

"वर्गात बाई शिकवतात." मग आवाज खाली आणून तिने सांगितलं, "मी रोज पेन्सिल पाडते. मुद्दाम. कुणीतरी उचलंल म्हणून. पण गाडी लई जोरात येती."

"कधीपासून पाडतेस?"

"दिवाळीपासनं."

तिने हे तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं. आपला एक खेळ सांगावा तसं सांगितलं होतं. मार्च चालू होता. मला तिथून उठून पळून जावंसं वाटलं, आणि पळणं तर मला कधी जमलेलं नाही.

दुपारभर मी शेटेबाईंच्या ऑफिसात बसून वाटाड्याच्या वर्षभराच्या नोंदी उकरल्या. यंत्राने लबाडी केली नव्हती. पहिले दोन महिने यंत्राच्या सरावाचे होते, ते वर्षाच्या हिशेबात धरले नव्हते. तेव्हा मुलं एकमेकांकडे मदत मागत होती. दप्तर धर, डबा उघडून दे, इथे काय लिहिलंय ते वाच. कलम नऊप्रमाणे प्रत्येक वेळी अडथळा नोंदला गेला. त्यावरून वाटाड्या एक गोष्ट शिकला. दोन मुलं बारा फुटांच्या आत आली तर मदत मागितली जाते, बाहेर राहिली तर नाही. मग त्याने मुलांना बारा फुटांच्या बाहेर ठेवायला सुरुवात केली. जे मूल जास्त मदत मागतं, त्याच्याभोवती जास्त मोकळी जागा. जिजाने सर्वांत जास्त मागितली होती.

फ्रेममधलं कलम माझ्याकडे बघत होतं. खाली माझं नावही छापलं होतं.

पुण्यातल्या माझ्या इमारतीतही वाटाड्या आहे. शेजारच्या कर्णिकबाई पूर्वी माझ्यासाठी लिफ्टचं दार धरायच्या आणि तेवढ्यात सुनेच्या चार कागाळ्या सांगायच्या. मला कंटाळा यायचा. आता लिफ्ट माझ्यासाठी आपणहून थांबते, किराणा आपणहून दारात येतो, आणि कर्णिकबाईंना मी शेवटचं कधी बघितलं ते मला आठवेना. हे एकटेपण मी आजवर वयावर ढकलत आले होते.

"हे असं मी पास करू शकत नाही," मी शेटेबाईंना म्हणाले.

त्यांचं हसू गेलं. "मॅडम, जिजा गेल्या वर्षी जुन्या शाळेत होती. तिथे मांडीचं हाड दोनदा मोडलं आणि हात एकदा. एकदा तर नुसती रांगेत उभी असताना. इथे वर्षात एक ओरखडा नाही. तिच्या आईला जाऊन सांगा, बारा फुटांनी काय बिघडतं ते."

त्यांचंही खोटं नव्हतं.

फोनवर दोन दिवसांपासून एक निरोप पडून होता. 'उजू, गावात येनार हाईस कळलं. च्या प्यायला ये. सयाजी.' सयाजी लोखंडे दर दिवाळीला मला निरोप पाठवतो आणि मी दर दिवाळीला दोन जोडलेले हात पाठवते. त्याच्याशी याहून जास्त मी दहावीनंतर बोललेले नाही. का, ते सांगायला हवं.

आमच्या जुन्या शाळेत आठवी ते दहावीचे वर्ग वरच्या मजल्यावर भरायचे. बावीस पायऱ्या. सरांच्या लाकडी खुर्चीत मला बसवून चार मुलगे वर न्यायचे आणि शाळा सुटली की खाली आणायचे. सयाजी मागचा डावा पाय धरायचा. रोज बावीस पायऱ्या मी डोळे मिटून काढायचे. नववीत एका शनिवारी मी सांगण्याआधीच सयाजीने खुर्ची उचलली, माझा स्कर्ट वर सरकला आणि कुणीतरी हसलं. मी सयाजीवर ओरडले, "मी बोलावल्याशिवाय माझ्या खुर्चीला हात लावायचा नाही."

त्या दिवशी गावात कुस्त्यांचं मैदान होतं. अकराला शाळा सुटली आणि सगळे तिकडे पळाले. वडील दुकानाच्या मालासाठी सांगलीला गेले होते, ते दोनला येणार होते. मी वर एकटी राहिले. मी हाक मारली नाही. मारून कोण येणार होतं? आणि कुणी आलंच असतं तर सांगावं लागलं असतं की मला लघवीला जायचंय. दीड वाजता मला ते आवरलं नाही. मी बाकावर तशीच भिजून बसले आणि रडायला लागले. मग सयाजी वर आला. त्याने बघितलं. त्याने कोपऱ्यातला पाण्याचा माठ उचलला आणि बाकावर, जमिनीवर, माझ्यावर आणि स्वतःवर ओतला. मग माठ खाली टाकून फोडला. खेळताना सांडला असं सांगून त्याने सोमवारी छड्या खाल्ल्या.

त्याने ते बघितलं याबद्दल मी त्याला कधीच माफ केलं नाही. कलम नऊ मी त्या बाकावर बसूनच लिहिलं, समितीत फक्त वाचून दाखवलं.

पाच वाजता मी सयाजीच्या दारात होते. तो एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झालाय, बायको गेली, मुलगा पुण्यात. घराला तीन पायऱ्या. तो वर दारात उभा होता, केस पांढरे, पण कान तेच, बाहेर आलेले.

"ये उजू. पायऱ्यांचं काय करावं आता?"

मला स्वतःचा आवाज परका वाटला. "मला वर घेशील का, सयाजी?"

"घितली असती गं. गुडघं गेलं. डागदर म्हनतोय, बादलीबी उचलायची न्हाई." मग कठड्याला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत तो खाली आला आणि शेवटच्या पायरीवर बसला. "तुला वर येता येत न्हाई तर मी खाली येतो. त्यात काय."

शेजारच्या घरातून त्याने ओरडून दोन चहा मागवले. थोडा वेळ आम्ही सरांची, वर्गातल्या पोरांची चौकशी केली. मग मी म्हणाले, "त्या शनिवारी तू मैदान अर्धवट टाकून आलास. मी कधी विचारलंच नाही."

"कुठलं मैदान? मी गेलोच न्हवतो."

"मग कुठे होतास?"

"खालीच हुतो की. जिन्यापाशी. तू सकाळी म्हनलीस, बोलावल्याबिगर हात लावायचा न्हाई. म्हनलं, हाक मारंल तवा जाऊ."

"अडीच तास?"

"तू हाकच मारली न्हाईस." त्याने चहा बशीत ओतला. "मग रडाय लागलीस. ती काय हाक न्हवं, पर म्हनलं जाऊ."

मी चहा तसाच हातात धरून बसले. त्रेचाळीस वर्षं मी मानत आले होते की मला विसरून सगळे निघून गेले. तिघे गेले होते. चौथा बावीस पायऱ्या खाली बसून होता, आणि आम्हा दोघांच्या मधे होतं ते माझं वाक्य. मदत लादली जाणं वाईट. तिच्यावाचून पान न हलणं वाईट. पण मी सगळ्या चारशे शाळांतून हाकच काढून टाकायला निघाले होते.

"सयाजी, मी फार मोठी चूक केलीय," मी म्हणाले आणि मला रडू फुटलं. त्याने इकडेतिकडे बघितलं. या वेळी जवळ माठ नव्हता. तो नुसता बसून राहिला.

निघताना तो म्हणाला, "उद्या शाळेपातूर येऊ का?"

"कशाला?"

"असंच. फाटकाभाईर बसतो. लागलं तर हाक मार."

परीक्षकाला चाचणीसाठी एखादं कलम अर्ध्या दिवसापुरतं बंद ठेवता येतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कलम नऊ बंद ठेवायला सांगितलं आणि ती भिंतीतली गाडीही. बाकी आठ कलमं चालू. धक्का हा अडथळाच आहे, म्हणून जिजाभोवती दोन फूट मोकळे राहणार होते. बारा मात्र नाही.

जिजाच्या आईला शेटेबाईंनी बोलावून घेतलं होतं. द्राक्षाच्या बागेत कामाला जाणारी बाई, पदर खोचलेला, हाताला छाटणीच्या कात्रीचे घट्टे.

"धक्का लागला तर?" त्यांनी मला विचारलं.

"दोन फुटांत कुणी येणार नाही असं यंत्र बघेल. पण लागणारच नाही, असं मी म्हणू शकत नाही."

त्यांनी हातावरचे घट्टे चोळले. मग म्हणाल्या, "मागल्या शाळंत हाड मोडलं तवा दवाखान्यात पोरी आल्या हुत्या. प्लास्टरवर नावं लिवली. ती प्लास्टर तिनं टाकू दिली न्हाईत, घरी ट्रंकंत हायत." त्यांनी डोळे पुसले. "करा काय करायचं ते. पर मी इथं उभी ऱ्हानार."

"उभ्या राहा. पण पुढे यायचं नाही."

मधली सुट्टी झाली. शेटेबाई, जिजाची आई आणि मी व्हरांड्याच्या टोकाला होतो. हिरव्या रेघा उजळल्या आणि या वेळी त्या एकमेकींच्या जवळून गेल्या. मुलं जरा बावरली. इतक्या जवळून जायची त्यांना सवय राहिली नव्हती. जिजा आपल्या खुर्चीत मधोमध होती. तिने आमच्याकडे बघितलं, मग पेन्सिल पाडली.

पेन्सिल घरंगळत पाच फुटांवर थांबली. जवळची मुलंही थांबली. सगळ्यांनी भिंतीकडे बघितलं. गाडी आली नाही. मुलं तशीच उभी राहिली, पेन्सिलीकडे आणि भिंतीकडे आळीपाळीने बघत. एकालाही वाटलं नाही की ही आपण उचलायची गोष्ट आहे. मला वाटलं होतं, बारा फुटांचे दोन केले की झालं. इतकं सोपं ते नव्हतं. इतके महिने ज्यांच्याकडे कुणी काही मागितलं नव्हतं, त्या मुलांना मुळात आपण कुणाच्या उपयोगाचे आहोत हेच ठाऊक नव्हतं.

जिजाचा चेहरा लाल झाला. तो चेहरा मला ओळखीचा होता. व्हरांड्याला लागूनच असलेल्या ऑफिसच्या दारातून पडदा दिसत होता. वीस सेकंद उलटले आणि शून्याचा एक झाला. शेटेबाईंनी खोल श्वास घेतला, पण त्या जागच्या हलल्या नाहीत. जिजाची आई मात्र निघाली. मी त्यांचा पदर धरला.

"सोडा ओ, रडंल ती."

"माहीत आहे," मी म्हणाले, आणि पदर सोडला नाही. मी स्वतःला धरून ठेवलं होतं की त्यांना, हे सांगणं कठीण आहे.

चाळीस सेकंद. पन्नास. दोन मुलं कंटाळून आपल्या रेघेवरून निघून गेली.

"ए," जिजा म्हणाली. इतक्या हळू की ते कुणालाच ऐकू गेलं नाही. मग तिने खुर्चीचे हात घट्ट धरले. तिला त्यांच्यातल्या एकाचंही नाव हाक मारण्याइतकं माहीत नव्हतं.

"ए, निळा शर्ट!"

शाळेचा गणवेशच निळा होता. व्हरांड्यातल्या सगळ्या मुलांनी मान वळवली. वर्गात शिरणारी दोघं परत बाहेर आली. जिजा गोंधळली आणि मग म्हणाली, "कुणीपण. पेन्सिल देता का?"

तिघं एकदम वाकली. दोघांची डोकी आपटली, एकजण मटकन खाली बसला, पडद्यावर एकाचे दोन झाले. कानाला यंत्र लावलेल्या एका मुलीने मधेच हात घालून पेन्सिल उचलली आणि जिजाच्या पुढे धरली.

"टोक मोडलंय," ती मुलगी म्हणाली. "माझ्याकडं शार्पनर हाय. थांब हां, वर्गात हाय, आणती."

आणि ती हिरवी रेघ सोडून, सरळ आडवी पळाली. तिच्या पट्ट्याने थरथरून तिला काय काय सांगितलं असेल, तिने लक्ष दिलं नाही. जिजा थांबली. पडद्यावर तीन झाले. जिजाच्या आईने माझ्या हातातून पदर सोडवून घेतला आणि तोंडावर दाबला.

शेटेबाईंनी मला अहवालाचा कागद आणून दिला. कलम नऊ मी स्वतःच्या हाताने खोडलं. त्या जागी काय लिहायचं ते मला त्या दिवशी सुचलं नाही. मी लिहिलं, 'व्यवस्था अमान्य. चारशे शाळांत बसवू नये. नववं कलम चुकीचं होतं आणि ते माझं होतं.' खाली सही केली. तीस वर्षांच्या नोकरीतली ती शेवटची सही.

बाहेर आले. रॅम्पच्या माथ्यावर खुर्ची थांबवली. फाटकापलीकडे लिंबाच्या झाडाखाली सयाजी काठी मांडीवर आडवी घेऊन बसला होता, माझ्याकडे पाठ करून. उतार सौम्य, एकास चौदा, दोन्ही बाजूंना कठडे, खुर्चीची बॅटरी भरलेली. मला कुणाचीच गरज नव्हती.

"सयाजी," मी हाक मारली.